रंगवलेली पिल्लं

फार जुनी गोष्ट. एकवीस दिवस खुडूक बसूनही चांदणी कोंबडीची सगळी अंडी नासली. तिच्या मालकिणीने, गिरजाबाईने, बाजारातून गुलाबी, हिरवी रंगवलेली पाच पिल्लं आणली आणि गुपचूप तिच्या पोटाखाली सरकवली. ऊब मिळाली नसती, तर ती पिल्लं गारठून मेलीच असती.

कोंबडा हसला. "अगं, हिरवं पिल्लू कधी कोंबडीला होतं का? बाईनं फसवलंय तुला. हाकल त्यांना!"

चांदणीने चोच उगारली. तेवढ्यात गुलाबी पिल्लू तिला बिलगून म्हणालं, "आई, किती ऊब आहे गं तुझ्यात!"

चांदणीने चोच मिटली आणि पंख पसरले.

"मी रिकामी उठणार होते रे," ती कोंबड्याला म्हणाली. "बाईचे उपकारच झाले." मग पिल्लांवर डाफरली, "सरका आत! कलकल पुरे."