मडक्याच्या तोंडचा गूळ

ज्येष्ठ महिना, दिवसाचा तिसरा प्रहर नुकताच लागलेला. जागा औदुंबरी नगरातल्या अमात्य सुकेतूची परसबाग, विहिरीपलीकडचा मातीचा बांध. पूर्वी या नगरात महारथ नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका माळ्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव वप्पक. त्या दुपारी वप्पक हातात ओल्या चिखलाचा गोळा घेऊन बांधासमोर उभा होता, आणि बांधात सव्वीस बिळे होती.

बिळे वेड्या राघूंची होती. हिरव्या अंगाचा, चिमणीएवढा, शेपटीतून बारीक काड्या निघालेला हा पक्षी मातीत हातभर खोल बीळ कोरून पिल्ले वाढवतो आणि उडत्या किड्यांवर जगतो. सकाळी दवंडी पिटली गेली होती. राघू राजाच्या मधमाश्या खातात, म्हणून ज्या बागेत त्यांची बिळे असतील तिथल्या माळ्याने ती आज सूर्यास्ताच्या आत चिखलाने बुजवावीत. जो बुजवणार नाही त्याला बायकोसह नगराबाहेर काढण्यात येईल.

हुकूम सुकेतूचा होता. घरामागच्या वळचणीला मातीची मडकी आडवी टांगून त्यांत मधमाश्या पाळायच्या, आणि राजाच्या अभिषेकदिनाच्या उत्सवाला प्रत्येक बागेतून मध पाठवायचा, ही औदुंबरीची रीत. त्या वर्षी मडकी एकामागून एक ओस पडत होती आणि उत्सव महिन्यावर आला होता. सुकेतूला एका सकाळी आपल्या कुंपणावर तीन राघू दिसले. तिघांच्याही चोचीत मधमाशी होती. त्याने आणखी काही पाहिले नाही, कोणाला काही विचारले नाही. तीन पक्षी पाहून त्याने साऱ्या नगरासाठी हुकूम लिहिला.

वप्पकाने चिखल पहिल्या बिळाच्या तोंडाशी नेला. आतून पिल्लांचा बारीक, घाईचा आवाज आला. कोणीतरी घास घेऊन आले असे समजून ती पुढे सरकत होती. वप्पकाने हात मागे घेतला.

बांधाशेजारी शेवग्याची एक वाळकी फांदी होती. राघू पकडलेली माशी घेऊन तिथे येत, तिला फांदीवर आपटत, घासून तिची नांगी काढत आणि मग गिळत. पंख, पाय, कवच असे जे पचत नाही त्याची लहानशी गोळी होऊन ती चोचीतून खाली पडे. फांदीखाली अशा वाळलेल्या गोळ्यांचा सडा पडलेला असे. वप्पक वीस वर्षे तो झाडून टाकत आला होता. आज त्याने त्या गोळ्या सुपात भरल्या आणि बागेच्या कोपऱ्यातल्या आपल्या खोपटाकडे तो भराभर चालत गेला.

त्याची बायको सामा दळण टाकून उठली. दोघांनी गोळ्या कोमट पाण्यात भिजवल्या आणि काडीने उकलायला सुरुवात केली. गांधीलमाशीचा पंख तांबूस असतो, मधमाशीचा अभ्रकासारखा पांढरा. तीनशे पंख सुटे झाले तेव्हा सावल्या लांब पडू लागल्या होत्या. त्यांत दोनशे वीस तांबूस होते, पन्नास पांढरे, आणि उरलेले चतुरांचे नि नाकतोड्यांचे.

"हे पन्नास चुलीत टाका," सामा म्हणाली.

"तेही राघूंनीच खाल्लेत."

"खाल्लेत ना. मग अमात्य नेमके त्यांच्यावरच बोट ठेवील, आणि दोनशे वीस राहतील बाजूला. तुम्हाला पिल्लं वाचवायचीत, की खरं बोलायची हौस भागवायचीय?"

वप्पकाने पांढरे पंख चुलीपासून दूर सारले. मग म्हणाला, "मला गुळाचंही सांगायचंय."

सामाचा हात थांबला. गुळाची गोष्ट तिला ठाऊक होती. दोन महिन्यांपूर्वी मध कमी येऊ लागला तेव्हा माश्या मडके सोडून जाऊ नयेत म्हणून सुकेतूनेच फर्मावले होते की, रोज सकाळी प्रत्येक मडक्याच्या तोंडाला गूळ चोपडावा. वप्पक तो आपल्या बोटांनी चोपडत आला होता. गुळावर गांधीलमाश्या आल्या. आधी दोन-चार, मग ओंजळभर. गूळ चाटून झाला की त्या तिथेच दबा धरून बसत आणि बाहेर येणारी मधमाशी पकडत. पंधरा दिवसांपूर्वी वप्पकाच्या हे लक्षात आले. त्याने अमात्याच्या कारभाऱ्याच्या कानावर घातले. हुकूम तो हुकूम, असे कारभारी म्हणाला. वप्पक दुसऱ्या सकाळी पुन्हा गूळ घेऊन मडक्यांकडे गेला.

"ते सांगितलंत तर आपणच आधी वेशीबाहेर," सामा हळू आवाजात म्हणाली. "गुळाचं कोणी विचारलंय का तुम्हाला?"

"नाही विचारलं."

"मग?"

"कोणी विचारत नाही म्हणूनच तर इथवर आलं."

सामाने तांबूस पंख एका पानात बांधले, पांढरे दुसऱ्या पानात बांधले आणि दोन्ही पुड्या नवऱ्याच्या हातात दिल्या.

राजा संध्याकाळी बिळे पाहायला येणार होता, म्हणून सुकेतू अंगणात पाण्याचा सडा घालून घेत होता. वप्पकाने पुड्या पुढे केल्या. सुकेतूने त्या उघडल्याही नाहीत. "माळीबुवा," तो म्हणाला, "तुम्ही चिखल कालवा. पंखांचं आम्ही बघतो." भोवतालचे सेवक हसले.

राजा आला तेव्हा सूर्य पश्चिमेच्या भिंतीवर कासराभर उरला होता. बांधातली सव्वीसच्या सव्वीस बिळे उघडी पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. माळ्याला पुढे बोलावण्यात आले. वप्पकाने हात जोडले आणि आपल्याला बोलायचे आहे असे सांगितले. राजा म्हणाला, आधी एका प्रश्नाचे उत्तर दे.

"राघू मधमाश्या खातात का?"

विहिरीपाशी सामा रहाटाचा दोर घट्ट धरून उभी होती.

"खातात, महाराज."

"संपलं तर मग," सुकेतू म्हणाला आणि त्याने हाताने खूण केली. दोन सेवक चिखलाच्या पाट्या घेऊन पुढे झाले. पहिल्या बिळावर चिखल बसला. आतला आवाज एकदम तुटला.

वप्पकाने दोन्ही पुड्या राजासमोर जमिनीवर उघडल्या. हे पन्नास पंख मधमाश्यांचे, हे दोनशे वीस गांधीलमाश्यांचे, दोन्ही एकाच फांदीखालचे, असे त्याने सांगितले. दुसऱ्या बिळावर चिखल बसला. राजा खाली वाकून पंख पाहत होता.

"तू हे निवडून आणले नाहीस कशावरून?"

"निवडले असते तर पांढरे घरीच ठेवले असते, महाराज."

राजाने मान वर केली आणि सेवकांना हात थांबवायला सांगितले. सुकेतूने लगेच विचारले की, मग एवढ्या मडक्यांतल्या माश्या गेल्या कुठे. वप्पक म्हणाला, ते मडक्यापाशी दिसेल.

वळचणीचे तिसरे मडके त्याने दाखवले. त्याच्या तोंडावर गांधीलमाश्यांचा पिवळा-तांबडा थर हलत होता. सेवक मागे सरले. वप्पकाने राजाला दहा पावलांवर उभे राहायला सांगितले आणि काही झाले तरी हात झटकू नका अशी विनंती केली. मग तो चौरंगावर चढला आणि त्याने मडक्याला खालून दोन्ही हात लावले. दोर सुटला. पहिला डंख मनगटावर बसला. तो चौरंगावरून उतरला. दुसरा मानेवर बसला, तिसरा कानामागे. मडके हातातून निसटले असते तर साऱ्या गांधीलमाश्या राजावर गेल्या असत्या, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होते. वप्पक एकेक पाऊल टाकत अंगणाच्या मध्यावर आला. त्याने मडके हळूच जमिनीवर टेकवले आणि तोंडावरची भोकाची झाकणी काढून तो बाजूला झाला.

मडक्यातून काही बाहेर आले नाही. बाहेरच्या गांधीलमाश्या शांत झाल्यावर राजाने जवळ येऊन आत डोकावले. तळाशी मधमाश्यांची तुटलेली डोकी आणि पंख पडले होते. धडे नव्हती. वळचणीखालच्या जमिनीवरही तसाच थर होता.

"राघू माशी अख्खी गिळतो," वप्पक म्हणाला. "डोकं तोडून ठेवत नाही."

"या गांधीलमाश्यांना इथे कोणी आणलं?"

"मी, महाराज. रोज सकाळी मी मडक्यांना गूळ चोपडला. अमात्यांचा हुकूम होता. पण यानं माश्या मरतात हे मला पंधरा दिवसांपूर्वी कळलं, आणि तरी मी चोपडत राहिलो. घर जाईल म्हणून भ्यालो."

राजाने सुकेतूकडे पाहिले. सुकेतू उत्सवाच्या निकडीबद्दल काहीतरी म्हणाला. सूर्य भिंतीला टेकला होता. राजाने हुकूम मागे घेतला, मडकी धुवायला सांगितली आणि नगरभर स्वार पाठवले. कोणाचा दोष ते नंतर पाहू, असे तो म्हणाला. वप्पक तोवर बांधाशी पोचला होता. सुजलेल्या बोटांनी त्याने दोन्ही बिळांवरचा ओला चिखल उकरला. पहिल्या बिळातून लगेच आवाज आला. दुसऱ्या बिळाला थोडा वेळ लागला. सामा गुडघ्यांवर बसून कान लावून होती. मग तिने नवऱ्याकडे पाहून होकारार्थी मान हलवली आणि ती तिथेच रडली.

वप्पकाला कोणी नगराबाहेर काढले नाही. राजा म्हणाला होता ते 'नंतर' मात्र कधी आले नाही. सुकेतू अमात्यच राहिला, आणि उत्सवात त्याला शेला मिळाला.

नदीपलीकडे विणकरांची वस्ती होती. तिथे स्वार पोचला तेव्हा चिखल वाळून कडक झाला होता. वस्तीतले लोक म्हणाले की, आमच्याकडे हुकूम काल दुपारीच वाचला गेला, आम्ही कालच एकशे बारा बिळे बुजवली. आत आता आवाज नव्हता. पावसाळा सरेपर्यंत त्या वस्तीत राघू दिसला नाही, आणि परसापरसांत गांधीलमाश्यांची पोळी लोंबू लागली. भाद्रपदात मेखला नावाची विणकरीण घरामागच्या वेलावरचे दोडके तोडायला गेली. तिला एकोणीस डंख बसले. दुपार व्हायच्या आत ती गेली.

हुकुमावर राजमुद्रा दवंडीच्या सकाळी उमटली होती; तिच्या आदल्या दिवशीच तो तिकडे कोणी नेला, याची राजाने चौकशी केली. आपण नेला नाही, असे सुकेतू म्हणाला. दवंडीवाला म्हणाला, एक माणूस ताडपत्र घेऊन आला, मी वाचले. दरबारच्या लेखनिकाने सांगितले की, माझे काम नक्कल करण्याचे.

एकदाच पाहिलेल्या गोष्टीवरून सोबत्यावर आळ घेणाऱ्या कुंडक नावाच्या भिक्षूला समोर बसवून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही पूर्वजन्मीची हकीकत सांगितली. मग ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा सुकेतू हा कुंडक होता. महारथ राजा म्हणजे ज्येष्ठ भिक्षू थेर नागदत्त, सामा म्हणजे भिक्षुणी विमळा, आणि वप्पक माळी मीच होतो. आपल्या बाजूला प्रतिकूल असलेला पंखही लपवायचा नाही, आणि कोणी न विचारलेला आपला दोषही आपणच सांगायचा, याला सत्यपारमिता म्हणतात."

मागच्या ओळीतल्या एका भिक्षूने हात जोडून विचारले, "भंते, विणकरांच्या वस्तीत आदल्या दिवशी हुकूम नेणारा तो कोण?"

शास्त्यांनी साऱ्या सभेवरून दृष्टी फिरवली आणि ते थांबले. कोणी उठले नाही. सुकेतू, राजा, सामा आणि वप्पक यांच्या जागी या जन्मीची नावे लागली आहेत. त्या माणसाच्या जागी अजून कोणाचेही नाव नाही.