खाली दोन ओळी तात्पर्य

तालुक्याच्या वाचनालयाने कथास्पर्धा ठेवली आणि परीक्षक म्हणून निवृत्त मुख्याध्यापक गुंजाळ सरांना बोलावलं. आपल्या परीक्षा केंद्रावर कधीही कॉपी झाली नाही, हे सर प्रत्येक भाषणात सांगत. याही भाषणात सांगून झालं होतं.

तेजल भोईटेची कथा सगळ्यांना आवडली होती. आईच्या आजारपणात पुस्तकच उघडू न शकलेल्या एका मुलीजवळ पर्यवेक्षक बाईंना उत्तरांची चिठ्ठी सापडते. बाई ती मुठीत धरतात, तेवढ्यात भरारी पथक दारात येतं. कथा तिथेच संपते.

"पुढं काय?" सरांनी भर सभेत विचारलं. "बाईंनी चिठ्ठी दिली की लपवली? योग्य काय, अयोग्य काय? तुम्हा आजकालच्या पोरींना शेवट करायचाही कंटाळा! खाली दोन ओळी तात्पर्य लिही, नाहीतर पहिलं बक्षीस विसर."

पहिली येणारी कथा दिवाळी अंकात छापली जाणार होती. तेजलने राग गिळला.

"लिहिते की, सर. पण वाचकाला प्रश्न मीच घालायचा आणि त्याने डोकं खाजवायच्या आत उत्तरही मीच हळूच सरकवायचं, याला तुमच्या केंद्रावर काय म्हणायचे?"

"कॉपी!" मागून कुणीतरी ओरडलं.

सभागृह हसत सुटलं. सरांनी पहिल्या बक्षिसाचा करंडक तिच्या हातात दिला.

चहाच्या वेळी ग्रंथपालांनी सरांना हळूच विचारलं, "पण सर, त्या बाईंनी काय केलं असेल हो?"

"शेजारच्याला विचारायचं नाही!" सर खेकसले. "स्वतःचं डोकं चालवा."