पाणी पोचले आहे

आंबेझरी नावाच्या जंगलात थोरबा गेंड्याचं राज्य होतं. प्रजेनंच त्याला निवडून दिलं होतं. त्याची कातडी भलतीच जाड होती, आणि राज्यकर्त्याला आणखी काय लागतं?

एका उन्हाळ्यात डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी खालच्या पाणवठ्यांत येईनासं झालं. थोरबानं दरबार भरवून घोषणा केली, "बंधूंनो आणि भगिनींनो, पाण्यासाठी रांगा लावायचे दिवस गेले! यापुढं पाणी पानावर!" मग घरोघरी चमकती पानं वाटली गेली. पानावर पंजा ठेवून तहान लागल्याचं कळवायचं, की झालं काम. पाणवठ्याची देखरेख करणाऱ्या बगळ्याला त्याच दिवशी घरी बसवलं. पान असताना बगळा हवा कशाला?

याच जंगलात डॉ. विदुला घोरपड राहत असत. त्या समाजशास्त्रज्ञ होत्या. पाणी मिळत नाही हे घसा कोरडा पडलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. विदुलाबाईंना मात्र ते संशोधनानंच कळायला हवं होतं. 'पान, राजकारण आणि पाणी' असा भारदस्त विषय घेऊन त्या बिळाबिळांतून हिंडू लागल्या.

आटलेल्या पाणवठ्याकाठी भागी सशीण राहायची. बाईंनी तिला विचारलं, "काय हो, पाणी आलं का?"

"आलं की. पानावर आलं." भागीनं पान पुढं केलं. त्यावर लिहिलं होतं, 'आपणास पाणी पोचले आहे. समाधानी असाल तर शेपूट हलवा.' खाली खळाळता झरा दिसत होता. भागीची पिल्लं तो आळीपाळीनं चाटत होती.

"मग तुम्ही काय केलंत?"

"हलवली शेपूट! नाही हलवली तर कोल्ह्यांची टोळी पानावरून जंगलद्रोही म्हणून शिव्या घालते. पण बाई, तुम्ही शिकलेल्या. हे वर जाऊन सांगाल ना? धाकट्याला कालपासून उठवत नाहीये."

"सांगणार तर!" बाईंनी ते वहीत टिपून घेतलं. "पुढच्या परिसंवादात पहिलं हेच सांगते."

घरी जाताना त्यांना पिल्लाच्या आठवणीनं फार वाईट वाटलं. पण उदाहरण इतकं सुरेख मिळालं होतं की ते वाईट वाटणं काही टिकेना.

निष्कर्ष त्यांनी जपून लिहिला. विद्वानानं एकदम ठाम बोलू नये, असं त्यांचं मत होतं. 'प्रजेचे समाधान लक्षणीय वाढल्याचे दिसते; तथापि पाणी आढळले नाही.'

माहितीमंत्री तरसानं हे वाक्य अर्धविरामापर्यंत वाचलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पानावर विदुलाबाईंची हसरी छबी झळकली आणि खाली ठळक अक्षरं: 'प्रजेचे समाधान वाढले, थोर शास्त्रज्ञाचा निर्वाळा!'

बाई संतापल्या. संतापाच्या भरात त्यांनी ती छबी पुन्हा पुन्हा पाहिली. चांगली आली होती. मग त्या तडक दरबारात गेल्या.

"महाराज, माझं वाक्य अर्धंच छापलंय!"

"उरलेलं निवडणुकीनंतर छापू," थोरबा म्हणाला. "घाई काय आहे?"

तरस हसला. ते त्याचं खातंच होतं.

निवडणूक आली. मतदानही पानावरच होतं. भागीनं पान उघडलं, तर 'आपले मत मिळाले आहे, आभार' असं आधीच येऊन पडलेलं. विरोधात उभ्या राहिलेल्या चितळाला त्याचं स्वतःचंही मत पडलं नाही. थोरबा विजयसभेत गरजला, "तहान ही अफवा आहे!"

सभेतून विदुलाबाई थेट भागीकडे गेल्या. धाकटं पिल्लू कुशीवर निपचित पडलं होतं; पान त्याच्या तोंडाशी होतं. बाईंनी वही बाजूला ठेवली. असं त्यांच्या बाबतीत प्रथमच घडत होतं. त्यांनी पिल्लाला अलगद पाठीवर घेतलं.

"चला."

"कुठं हो?"

"झऱ्यावर."

"मग इतके दिवस तुम्ही संशोधन कसलं करत होतात?"

"तेच करत होते," बाई पुटपुटल्या. "त्यात झऱ्यावर जायचं तेवढं राहून गेलं."

त्या दोघींना पाहून शेजारची रानडुकरं निघाली, मग सांबरं, मग सगळंच जंगल. वर पाहतात तो झऱ्याला दगडी बांध घातलेला, आणि थोरबाच्या डुंबण्यासाठी अडवलेलं काठोकाठ तळं.

पहारेकरी लांडगा आडवा आला. "पानावरची परवानगी दाखवा!"

कुणी थांबलंच नाही. तहानलेला कळप वाट विचारत नसतो. भागीनं पिल्लाच्या ओठांवर पाणी सोडलं. ते ठसकलं आणि त्यानं डोळे उघडले. विदुलाबाईंनी तोंड पाण्यात बुडवलं, त्यामुळे त्या रडल्या की नाही हे कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी या गर्दीचं चित्र पानापानावर आलं: 'महाराजांच्या तळ्यावर प्रजेचा जलोत्सव!' दुपारपर्यंत तळ्याभोवती काटेरी कुंपण उभं राहिलं. त्यावर फलक लागला, 'प्रवेश बंद. प्रजेच्या मागणीवरून.'