रेवणशेठची काठी

एका गावात एक गूळवाला होता, रेवणशेठ नावाचा. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, आमच्याकडे असं नसतं.

चिंचेखाली त्याचं दुकान. समोर गावाची विहीर आणि तिथंच सोमवारचा बाजार. माणूस मोठा गोड. आल्यागेल्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवल्याशिवाय सोडायचा नाही. एकच गोष्ट त्याला जमत नसे, गावाच्या बैठकीला जाणं.

अमावस्येला औतं बंद असतात, म्हणून बैठक त्या दिवशी दुपारी चावडीत भरे. घरं चाळीस, घरटी एक माणूस. ज्याला येणं शक्य नाही त्यानं आपली काठी पाठवायची. काठी आली म्हणजे बसलेले ठरवतील ते कबूल. खरं तर ही आजाऱ्यांसाठी केलेली सोय. रेवणशेठ ठणठणीत होता, तरी त्याची पितळी मुठीची काठी दर अमावस्येला चावडीच्या भिंतीला टेकून उभी असे.

बायको म्हणायची, "अहो, एकदा काठी घरी ठेवा आणि तुम्ही जा."

"गिऱ्हाईक सोडून? आणि तिथं शहाणी माणसं आहेत की चार!"

शेठसारखा शेठ काठी पाठवतो म्हटल्यावर बाकीचेही पाठवू लागले. चावडीत खरोखरच चार माणसं उरली. काठ्या छत्तीस.

एका अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी दवंडी आली, "ऐका हो ऐका! पुढच्या अमावस्येनंतर सोमवारचा बाजार ओढ्यापलीकडे भरणार होऽऽ!"

शेठच्या हातातली ढेप खाली पडली. बाजार गेला म्हणजे दुकानच गेलं! तो तसाच अनवाणी पाटलांकडे धावला.

"पाटील, मला न विचारता?"

"विचारलं की," पाटील म्हणाले. "तुमची काठी हजर होती. चकार शब्द बोलली नाही."

"पण बाजारानं कुणाचं काय बिघडवलंय?"

"बाजाराच्या बैलगाड्या विहिरीला चिकटून सोडतात. शेण, चिखल, सगळं तिथंच. धोंडाक्का घागर घेऊन घसरली, हात मोडला तिचा."

"ते माहीत आहे मला. मीच हळद पाठवली होती."

"हळद पाठवलीत. का पडली, ते नाही विचारलंत."

शेठनं हळूच विचारलं, "ठरलेलं बदलता येतं का?"

"पुढच्या बैठकीत एकवीस हात वर झाले, तर येतं."

पुढच्या अमावस्येला शेठनं दुकान बंद केलं आणि स्वतः चावडीत गेला. सतरंजीवर त्याच्या घरची जागा कुठली, तेही धोंडाक्कानंच दाखवलं. मोडका हात गळ्यात बांधून ती आली होती.

शेठ उभा राहिला. महिनाभर विचार करून आला होता. म्हणाला, "बाजार राहू द्या. गाड्या ओढ्यापलीकडे सोडायच्या, आणि विहिरीभोवती आपण सगळे मिळून फरशी घालू."

"बरं बोलतोस की रे रेवणा! इतके दिवस का ठेवलं होतंस झाकून?" धोंडाक्का म्हणाली. "माझा एकच हात चालतो, पण तो घे."

तिनं हात वर केला. इतरांनीही केले. पाटलांनी मोजले. शेठला धरून पाच.

शेठनं भिंतीकडे पाहिलं. पस्तीस काठ्या ओळीनं उभ्या होत्या.

"काठ्यांना हात नसतात, शेठ, आणि ठरलेलं मोडायचं तर हातच लागतात," पाटील म्हणाले. "पण दिवस मावळेपर्यंत मी बैठक उठवत नाही."

मग शेठनं त्या सगळ्या काठ्यांची मोळी बांधली, खांद्यावर घेतली आणि दारोदार निघाला. ज्याची त्याला परत.

विणकर म्हणाला, "माझी काठी होती ना तिथं?"

"होती. पण विहिरीवर पाणी भरताना तिला कधी पाहिलं नाही मी. तुझ्या बायकोला पाहिलंय."

विणकरानं माग थांबवला.

कुंभार म्हणाला, "मला काय कळतंय त्यातलं?"

"मलाही नव्हतं कळत. म्हणून तर आज मोळी वाहतोय. चल, ऊठ."

दिवस मावळायच्या आत चावडी भरली. पायरीवरही माणसं बसली. आता इतकी माणसं जमली म्हणजे बोलणारच. कुंभारानं जागा मोजून सांगितलं, "फरशी घालायची तर शेठच्या दुकानाचा ओटा दोन हात मागं घ्यावा लागेल. सांडपाण्याची वाट त्या ओट्यानंच अडवलीय."

सगळे शेठकडे पाहू लागले. तो ओटा त्याच्या वडिलांनी बांधलेला. त्यावर बसून त्याचं उभं आयुष्य गेलेलं.

शेठनं कपाळ पुसलं. "म्हणजे बाजार राहणार, पण ओटा जाणार?"

"अर्धाच," धोंडाक्का म्हणाली.

शेठ हसला आणि सगळ्यांत आधी त्याचाच हात वर गेला. त्यामागून एकतीस.

फरशी झाली. धोंडाक्का त्याच वाटेनं घागर आणते आणि येताजाता उरलेल्या ओट्यावर टेकते. शेठ तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो. अमावस्येच्या दुपारी मात्र दुकान बंद असतं आणि दाराच्या कड्यांत बाहेरून अडसर म्हणून ती पितळी मुठीची काठी घातलेली असते.

तात्पर्य: गावाच्या बैठकीत आपण स्वतः जाऊन बसावं, आपल्या वतीनं पाठवलेली वस्तू आपलं दुखणं सांगत नाही आणि शेजाऱ्याचं ऐकूनही येत नाही.