हिरवं ते खावं

माणसांच्या आधी शेळ्यांनी शाळा काढली होती, तेव्हाची ही गोष्ट. बोकडगुरुजींचा धडा एकच, "हिरवं ते खावं!" करडं दिवसभर तेवढंच घोकायची.

एकदा तपासणीला साहेब आले. साहेब म्हणजे पोपट. चोच सोडली तर अंगभर हिरवे!

गुरुजी ऐटीत म्हणाले, "पोरांनो, दाखवा साहेबांना धडा!"

पोरांनी दाखवला. साहेबांचं अर्धं शेपूट गेलं.

"मेलो! सोडा, गाढवांनो!" साहेब किंचाळले.

ढवळी नावाचं करडू ओरडलं, "थांबा रे! पाला कधी शिव्या देतो का?"

सगळा वर्ग पहिल्यांदाच विचारात पडला.

"गप्प बस!" गुरुजी खेकसले. "धड्यात नाही ते विचारू नये."

"विचारू द्या हो तिला!" साहेब उरलेलं शेपूट सावरत म्हणाले. "मला उडत घरी जायचंय."