तांबीची वाटी

“प्रसादानं कधी कुणाचं वाईट होतं का, बुवा?”

चिदंबरनं विचारलं खरं, पण त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

टेकडीवरच्या त्या एवढ्याशा मठात केरूबुवांसमोर पोत्यावर तांबी पडली होती. मठाची कुत्री. नऊ वर्षांपूर्वी डोळेही न उघडलेलं पिल्लू होती, ती बुवांच्या घोंगडीतच वाढली. आज सकाळपासून चार वेळा ओकली होती. आता मान उचलायचंही त्राण उरलं नव्हतं.

बुवांनी काटकीनं ती ओक उकरली. फुगलेले बेदाणे निघाले.

“हे कुणी घातले?”



तीन दिवसांचा उत्सव कालच संपला होता. सगळा मुलूख द्राक्षांचा, म्हणून प्रसाद बेदाण्यांचा. त्यात चिदंबर म्हणजे काशीला शिकून आलेला, मठातला सगळ्यात हुशार शिष्य! पहिली वाटी माणसांना नाही, तांबीला द्यायची, ही कल्पना त्याचीच. तिला कुंकू लावायचं, पुढ्यात वाटी ठेवायची आणि हात जोडून मोठ्यानं म्हणायचं, ‘मला हिच्यात देव दिसतो.’ लोक गहिवरायचे, त्याच्या पाया पडायचे. मग काय, वाटी रोज भरतच गेली.

“मीच,” तो म्हणाला. “थोडेसेच.”

बुवांनी तांबीला पोत्यासकट घोंगडीत गुंडाळून उचललं.

“बुवा, आधी अंगारा लावू या ना...”

“जीप काढ.”

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर मगदूमांनी बेदाण्यांचं नाव ऐकलं आणि त्यांचा चेहराच उतरला. द्राक्षं, बेदाणे कुत्र्याला विष, ते म्हणाले. मूत्रपिंडं निकामी होतात. कांदा, लसूण, चॉकलेट, सगळी तीच तऱ्हा. आपल्याला चालतं म्हणून लोक लाडानं घालतात.

“किती खाल्ले?”

“असतील चार-दोन...”

बुवांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

चिदंबरनं मान खाली घातली. “रोज वाटीभर. काल दोन वाट्या.”

डॉक्टरांनी घाईनं सलाईन लावलं. “हिला लघवी झाली तर आशा आहे. नाही झाली, तर माझ्या हातात फारसं काही नाही. नजर ठेवा. झाली की तेव्हाच हाक मारा, पुढचे उपाय त्यावर ठरतील.”

चिठ्ठीतली औषधं आणायला बुवा स्वतःच बाजारात निघाले. “तू हिच्यापाशी बस,” एवढंच म्हणाले.

एकटा पडला तसं चिदंबरचं धाबं दणाणलं. तांबीच्या बरगड्या हलायच्या, थांबायच्या. त्या थांबल्या की त्याचाही श्वास अडकायचा. ही गेली तर? लोकांना काय सांगू? बुवांना कसं तोंड दाखवू? आधी लोक आठवले, याची त्याला भयंकर लाज वाटली.

त्याला तिच्याकडे बघवेना. त्यानं डोळे घट्ट मिटले आणि जपमाळ काढली. देवा, एवढं एकच कर. हिला लघवी होऊ दे. माझं सगळं पुण्य घे, पण हिला वाचव... एक माळ झाली, दुसरी झाली. अंगाला घाम फुटला. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं...

खांद्यावर हात पडला.

बुवा परत आले होते. त्यांनी वाकून तांबीखालचं पोतं चाचपलं. मग चिदंबरचा हात माळेसकट धरला आणि पोत्यावर टेकवला.

ओलं होतं. चांगलं ओलं. कडेला तर वाळायलाही लागलं होतं.

“कधी झाली?”

चिदंबरनं पोतं पुन्हा चाचपलं.

“कधी झाली रे? डॉक्टर विचारतील.”

“माहीत नाही, बुवा. मी... मी हिच्यासाठीच देवाला...”

तांबीनं डोळे किलकिले केले. शेपटीचं टोक जरासं हललं.

बुवांनी त्याच्या हातातली माळ काढून घेतली आणि आपल्या बंडीच्या खिशात टाकली.

“देव राहू दे,” ते म्हणाले. “कुत्री बघ.”