पोट भरलेला देवमासा

समुद्रात माशांपेक्षा पिशव्या जास्त तरंगू लागल्या, त्या काळची ही गोष्ट. एका खडकाळ बेटावर चंदेरी नावाची समुद्रपक्षीण राहत असे. दोन दिवस झाले, तिचं पिल्लू घासासाठी चोच उघडत नव्हतं. "पोट भरलंय गं आई," एवढंच म्हणे. चंदेरीला चैन पडेना. ती घरट्याभोवती नुसत्या घिरट्या घालत राही.

तिसऱ्या दिवशी समोरच्या पुळणीवर एक देवमासा येऊन अडकला. त्याच्या बरगड्या कातडीतून दिसत होत्या. चंदेरी त्याच्या डोक्याशी उतरली.

"दादा, एवढ्या मोठ्या दर्यात तुम्ही उपाशी कसे राहिलात?"

"उपाशी कुठला? रोज पोटभर खात होतो," देवमासा धापा टाकत म्हणाला. "मऊ, पांढरं, माकूळ मासळीसारखं तरंगणारं काहीतरी. चव नव्हती, पण पोट गच्च व्हायचं. मग भूकच लागेना, म्हणून मी शिकार सोडली. भूक गेली तेव्हाच घाबरायला हवं होतं, बाई."

चंदेरीला पिल्लाचे शब्द आठवले. ती तशीच घरट्याकडे उडाली. पिल्लाच्या घशात चोच घालून तिने ओढायला सुरुवात केली. पिशवीचे तुकडे एकामागून एक बाहेर आले. तिनेच माकूळ समजून भरवलेले. पिल्लू तडफडलं आणि निपचित पडलं. ती त्याच्याभोवती येरझारा घालत राहिली.

भरती चढली तोवर देवमाशाने डोळे मिटले होते. तेवढ्यात घरट्यातून कर्कश किंकाळी उठली, "आई, भूक लागली!"

चंदेरी रडत रडतच मासे धरायला झेपावली.